मध्यम मार्गाच्या दोन पळ्या

१८ जानेवारी १९९९, साखरा

काल लेकीचा, ज्योतीचा साखरपुडा झाला. झाला म्हणायचं. हट्ट्याहून मुलगा बुद्धभूषण, त्याचे वडील अमृतराव आणि जीपभर बायका आल्या होत्या. पाहुण्यांपुढं त्रिसरण मी म्हणायचं हे ठरलेलंच होतं, कारण या भागात पालीचे उच्चार माझ्याइतके शुद्ध कुणाचे नाहीत. मी थोडी घेतली होती. थोडी म्हणजे, दुपारी पुसेगावला रतनसिंगबरोबर बसलो होतो आणि उठायचं राहून गेलं.

पहिली फेरी ठीक झाली. दुसरीला 'दुतियम्पि' म्हणत सुरू केलं आणि तिथंच अडकलो. संघापर्यंत आलो की तिसऱ्या फेरीचं 'ततियम्पि' यायला हवं, तर माझ्या तोंडून पुन्हा दुतियम्पि बुद्धं. आपले लोक भाबडे, मागून म्हणत राहिले. शेवटी जळबाकाकांनी सदरा ओढून मला खाली बसवलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अमृतराव हसले नाहीत.

निघताना त्यांनी मला गोठ्याकडं नेलं. म्हणाले, "गुरुजी, पोरगी आमाला पसंत हाय. लग्नात पंचशील तुमच्याच तोंडून घेऊ. पर त्या तोंडाला वास आला, तर नवरी तशीच माघारी धाडीन."

लग्न बुद्धपौर्णिमेला, हट्ट्यातच. मला एवढं लागलं की काल रात्री जेवलोही नाही. तसा मी रोजच जेवत नाही म्हणा. घरी येतो, दोन गाणी म्हणतो, दिवे लागायच्या आत आडवा होतो. माझा कुणाला त्रास नाही. बायकोवर कधी हात उचललेला नाही. हे अमृतरावाला कोण सांगणार?

२४ जानेवारी

सोडावी का, असा आठवडाभर विचार केला. सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. नव्याचे नऊ दिवस, आणि मग दुप्पट.

आज विहारातून आणलेल्या पुस्तिकेत पाचवं शील वाचत बसलो. 'सुरामेरयमज्ज पमादट्ठाना.' जन्मभर म्हणत आलो, पण शब्द फोडून पाहिला नव्हता. पमाद म्हणजे प्रमाद, गाफीलपणा. जे मद्य गाफीलपणाचं ठिकाण होतं त्यापासून दूर राहायचं. मग जिथं गाफीलपणाच नाही, तिथं शील मोडलं कसं? बंदी दारूवर नाहीच, पमादावर आहे. अति तिथे माती. मला एवढा आनंद झाला की मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या.

धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत मात्र हा शब्द नाही. तिथं सरळ 'दारू पिणार नाही' एवढंच आहे. त्यावर सवडीनं विचार करू.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर दोघी मायलेकींना समोर बसवून प्रयोग समजावला. पुसेगाव बंद. बाहेर एक थेंब नाही. दिवेलागणीला घरीच, घरच्यांच्या देखत, फोडणीच्या पळीनं दोन पळ्या. त्यात दुप्पट पाणी. प्रत्येक घोट घेताना 'मी घोट घेतो आहे' याची जाणीव ठेवायची. बाटली पेटीत, आणि पेटीची किल्ली जनकाच्या कमरेला. कोणता दारुडा स्वतःची किल्ली बायकोला देतो?

प्याल्यावर मी त्रिसरण-पंचशील म्हणणार. ज्योतीनं समोर बसून ऐकायचं. एकही अक्षर घसरलं नाही तर तिनं 'पमाद नाही' असं तोंडानं सांगायचं. साक्षीदाराशिवाय प्रयोगाला अर्थ नसतो. ज्योती आईकडं बघत होती. जनकानं एवढंच विचारलं, "मंग आता तुमी रोज सांजच्याला घरीच असणार?" मी म्हणालो, रोज. ती चुलीकडं वळली. आनंदानं बायका बोलत नाहीत.

१४ फेब्रुवारी

प्रयोग उत्तम चालला आहे. ज्योती रोज म्हणते, 'पमाद नाही.' जरा पुटपुटते, म्हणून तिला मोठ्यानं म्हणायला लावतो.

डोकं जागेवर असल्यानं घरात किती गोष्टी चुकतात ते आता दिसायला लागलं. जनका भाकरी थापताना पीठ सांडते. तिच्या हाताला माप नाही. रोज संध्याकाळी चार बायका ओट्यावर येऊन बसतात आणि खिदळत राहतात, हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. मी त्यांना पमाद समजावून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून येईनाशा झाल्या. ज्योती शिवणाच्या क्लासहून येताना वाटेत मैत्रिणीकडं थांबते, तेही बंद केलं.

शाळेतही फरक आहे. पूर्वी पाढा चुकला तरी मी हसून सोडून द्यायचो. आता छडी वापरतो. पोरं चिडीचूप बसतात.

७ मार्च

रतनसिंग भेटला. तो माझ्याच शाळेवर आहे, माणूस चांगला, पण फाटक्या तोंडाचा. म्हणाला, "गुरुजी, पहिले तुमी दारू पाजायचे ते बरं व्हतं. आता नुसती अक्कल पाजळून राहिले." मी त्याला मध्यम मार्ग सांगितला. उपास काढून हाडं झिजवणं हे एक टोक, पुसेगावला गटारात पडणं हे दुसरं टोक, आणि मधोमध माझ्या दोन पळ्या. तो म्हणाला, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. म्हणजे मला मर्कट म्हणाला. अशा माणसाची संगत सुटली तेच बरं. बाटली मात्र तोच आणून देतो, सेनगावच्या बाजारातून.

१९ मार्च

आज जे झालं ते खरंखुरं लिहितो.

पंचशील म्हणून झालं. ज्योती गप्प. मी म्हटलं, काय? ती खाली बघत म्हणाली, "पमाद हाय."

मी विचारलं, कोणतं अक्षर चुकलं? ती म्हणाली, अक्षर नाही चुकलं. मग कशावरून? तर म्हणे, "तुमी मघाशी मायला काय म्हणले ते आठवतं का?" मला आठवत होतं. भाजी अळणी होती, म्हणून मी म्हटलं होतं की तुझ्या बापानं तुला जनावरांत वाढवलं. शुद्धीवर राहून म्हटलं होतं. मग त्यात पमाद कुठं आला?

मी अजिबात चिडलो नाही. पिऊन असतो तर चिडलो असतो. शांतपणे तिला पुन्हा बसवलं, पुन्हा सगळं म्हणून दाखवलं, पुन्हा विचारलं. ती गप्प. पुन्हा म्हटलं. भाकरी गार होऊन गेल्या. जनका मधे बोलायला आली तिला हातानंच थांबवलं. शेवटी ज्योती रडत रडत म्हणाली, 'पमाद नाही.' रडताना म्हटलेलं मी धरत नाही, म्हणून डोळे पुसून नीट म्हणायला लावलं.

झोपताना वाईट वाटलं. ही लहान असताना गोवर निघाला होता. मी तिला उचलून हिंगोलीपर्यंत नेलं होतं, वाटेभर गाणी म्हणत. त्या दिवशीही मी प्यालेलो होतो. लेकरू माझ्या खांद्यावर हसत होतं. आता मी शुद्धीत असतो तर ती माझ्याकडं बघत का नाही, हे मला कळत नाही.

४ एप्रिल

एक मोठा विचार सुचला आहे. लग्नात नुसतं पंचशील देऊन काय होणार? वास आला नाही म्हणजे अमृतराव म्हणणार, आजच्या दिवस घेतली नसेल. हट्ट्यात मला 'दुतियम्पि गुरुजी' म्हणतात असं कानावर आलंय. ते नाव असं पुसलं जाणार नाही.

म्हणून मी मांडवातच प्रयोग करून दाखवणार. पळी आणि बाटली पिशवीतून न्यायची. सगळ्यांदेखत दोन पळ्या घ्यायच्या. मग त्रिसरण, पंचशील, एक अक्षर न घसरता. आणि नवरीनं उभं राहून सगळ्या वऱ्हाडाला सांगायचं, 'पमाद नाही.' हातच्या कांकणाला आरसा कशाला?

रात्री जेवताना सांगितलं. ज्योतीचा घास हातातच राहिला. मग ती उठून माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "बाबा, मी तुमाला कवाच काही मागितलं न्हाई. मांडवात हे करू नका. ते मला ठेवून घेणार न्हाईत. मला इथंच राहावं लागंल."

इथंच म्हणजे कुठं? बापाच्याच घरी ना? हे शब्द मला झोंबले. मी म्हटलं, ज्यांना धम्म कळत नाही अशांच्या घरात तुला द्यायची की नाही याचाच मग विचार करू. त्यावर ती ताट उचलून आत गेली. जनका बराच वेळ माझ्याकडं बघत होती, बाजारात बैलाचे दात बघतात तशी.

११ एप्रिल

जनकात चांगला बदल आहे. तिला प्रयोगाचं महत्त्व पटलेलं दिसतं. आता मागायच्या आधीच ग्लास पुढं येतो. फोडणीच्या पळीचा दांडा ढिला झाला होता, म्हणून तिनं सेनगावच्या बाजारातून नवी पळी आणली. दांडा लांब आहे, बूडही चांगलं खोल आहे, लवकर खराब होणार नाही. पाणीही तीच घालते. म्हणते, तुमी कशाला उठता.

१५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक होती. मी प्याल्याशिवाय गेलो आणि प्याल्याशिवाय आलो. घरी येऊन दोन पळ्या घेतल्या आणि बसल्या जागीच डोळा लागला. आजकाल असं होतं. शरीर शुद्ध झालं की थोड्यानंही पुष्कळ होतं. पुस्तिकेत असं लिहिलेलं नाही, पण असणार.

पंचशील म्हणायचं राहून गेलं. सकाळी जनकाला विचारलं, मला उठवलं का नाही? ती म्हणाली, "निजले व्हते ना तुमी, बरं वाटलं." कुणाला बरं वाटलं ते बोलली नाही.

ओट्यावर शेंगांची टरफलं पडली होती. बायका आल्या असाव्यात.

२५ एप्रिल

सकाळी हात थरथरतो. खडू धरवत नाही. फळ्यावरची माझी अक्षरं बघून पोरं एकमेकांना कोपरं मारतात. थोडी भीती वाटली. पळ्या दोनच आहेत, मग हे कशानं? उन्हाळ्यानं असेल.

ज्योती पातळांना फॉल लावत बसलेली असते. मी खोलीत गेलो की सुई थांबते. आज तिला म्हटलं, मांडवात मोठ्यानं बोल बरं का, मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. तिनं मान हलवली. समजूतदार आहे पोरगी.

३० एप्रिल, बुद्धपौर्णिमा, सकाळी

आजचा दिवस. अंघोळ करून पांढरा सदरा घातला. बाटली, पळी आणि ग्लास पिशवीत ठेवले. टेम्पो मारुतीच्या पाराजवळ लागला आहे, आठाला निघायचं. ज्योती हिरव्या काठाचं पांढरं पातळ नेसली आहे. तिला बघून डोळे भरून आले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर हात फारच थरथरत होता. तिनं तो बघितला आणि मान मागं घेतली.

मग जनका आली. म्हणाली, "असा हात हालला तर लोक काय म्हणतील? एक पळी घ्या, म्हंजी बराबर होईल." मी आज मांडवाआधी एक थेंबही घेणार नव्हतो. पण तिचं म्हणणं खरं होतं. बायको माझ्या मानाची एवढी काळजी करते, हे बघून मला भरून आलं. तिनं पितळी ग्लासात आणून दिली. जनकाला कधी गोड बोललो नाही मी. आज बोललो. म्हटलं, तू होतीस म्हणून. ती म्हणाली, अजून एक घ्या, वाट लांबची हाय.

हात आता थांबला आहे. अक्षर बघा, कसं आलं आहे. उच्चार एकदा घोकून घेतले. पमादट्ठाना. ट्ठ वर जोर द्यायचा. टेम्पोचा हॉर्न वाजतो आहे. ती म्हणते, सामान चढतंय अजून, येळ हाय, हे घ्या. जरा पाठ टेकतो आणि

१ मे

आजपासून आपला जिल्हा परभणी नाही, हिंगोली. शेजारच्या रेडिओवर ऐकलं. शाळेत झेंडावंदन असणार. मी गेलो नाही.

काल जाग आली तेव्हा ऊन कलून गेलं होतं. घर रिकामं. मला आधी वाटलं, सकाळच आहे आणि सगळे अंगणात आहेत. पिशवी उशाशी तशीच होती. बाहेर आलो तर जनका एकटीच उंबऱ्यावर बसलेली. लग्नाचं नवं पातळ नेसून, केसांत फूल घालून, गुडघ्यावर हनुवटी टेकून.

मी ओरडलो, टेम्पो कुठं आहे? ती म्हणाली, गेला. लग्न? लागलं असंल. मग तू का नाही गेलीस?

ती म्हणाली, "तुमी मधीच उठले असते तर?"

पोटच्या पोरीचं लग्न सोडून ही माझ्या उशाशी थांबली. मी तिथंच भिंतीला टेकून रडलो. असा जीव लावणारं माणूस मी अळणी भाजीवरून टोचत राहिलो. आता तिला कधी बोलणार नाही.

रतनसिंगनं आणलेली बाटली भेसळीची असली पाहिजे. त्याला जाब विचारायला हवा.

६ मे

जळबाकाका आले होते. लग्न छान झालं म्हणाले. नवरीचा बाप तापानं फणफणला आहे असं त्यांनी तिथं सांगितलं, तर अमृतराव म्हणाले, असू द्या, पंचशील तुम्हीच द्या. म्हणजे जळबाकाकांनी दिलं. त्यांना 'ट्ठ' म्हणता येत नाही. पमादठाना म्हणतात. माझ्या पोरीचं लग्न चुकीच्या उच्चारात लागलं.

मी विचारलं, ज्योतीनं माझी चौकशी केली का? काका भोळे. म्हणाले, "केली ना. टेम्पो गाव सोडून निघाला तवा इचारलं तिनं, बाबा उठले काय म्हणून. मी न्हाई म्हणलं. तवा हसली बिचारी. लई दिवसांनं हसली."

काका चहा पिऊन गेले. मी त्यांच्या कपाकडं बघत बसलो. मग स्वयंपाकघरात जाऊन ती नवी पळी शोधली. तिच्यात पाणी भरलं आणि जुन्या पळीत ओतून पाहिलं. जुनी भरली, ओसंडली, आणि नवीत अजून पाणी होतं.

जनका दारात उभी होती. मी पळी तशीच हातात धरून विचारलं, कधीपासून? तिनं लपवलं नाही. भांडली नाही, रडली नाही. मला वाटतं ती बोलायची वाटच बघत होती. म्हणाली, "पहिले तुमी पिऊन पडायचे. दिवे लागले का घर आमचं व्हतं. पोरगी गाणं म्हणायची, बायका यायच्या, आमी हसायचो. मंग तुमचं ते माप आलं. तुमी जागे राहू लागले. एका घरात माणसानं किती जागं राहावं?"

मी म्हटलं, मी चांगला होऊ पाहत होतो. ती म्हणाली, "व्हय. त्याचीच तकलीफ झाली."

मग म्हणाली की ती माझ्या उशाशी बसली नव्हती. बाहेरून कडी घालून उंबऱ्यावर बसली होती, ऊन कलल्यावरच ती काढली. मी मधेच जागा झालो असतो तर मला सापडावी म्हणून आत आणखी एक बाटली ठेवलेली होती. लेकीला एकदा हळदीच्या अंगानं बघायचं होतं, ते राहिलं, म्हणाली. एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

हे सगळं लिहिताना माझा राग कुठं गेला कळत नाही. शोधतोय, पण सापडत नाही.

९ मे

पाचपरतावनाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला, ज्योती आली नाही. निरोप आला, पोरीला बरं नाही. जनकाला हट्ट्याला बोलावलं आहे, एकटीला. ती परवा जाणार.

१६ मे

जनका हट्ट्याहून परत आली. मला वाटलं होतं येणार नाही. ज्योती बरी आहे, शिवणाची मशीन घेऊन दिली आहे तिला. माझ्यासाठी काही निरोप नाही.

ती नव्हती तेव्हा मी घेतली नाही. हे मी कुणाला दाखवायला केलं नाही. घरात साक्षीदारच नव्हता. अंगाला घाम सुटला, भिंतीवर मुंग्या दिसल्या, दोनदा ओकलो. तरी घेतली नाही. शब्द फोडायचे नाहीत, माप काढायचं नाही, सरळ सोडायची, असं ठरवलं. त्या बावीस प्रतिज्ञांत शब्द सोपा होता आणि मी तो उगाच टाळत आलो. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून ठरवलं, आणि हे तिला सांगायचं म्हणून दिवसभर वाट बघत होतो. ती आल्यावर उरलेली बाटली तिच्या हातात दिली. म्हटलं, उकिरड्यावर ओतून ये. आता या घरात मी शुद्धीवर राहणार. संध्याकाळी तुझ्याजवळ बसत जाईन, तुला भाजी निवडून देईन.

तिनं बाटली घेतली. ऐकून घेतलं सगळं. मग आत गेली आणि पितळी ग्लास काठोकाठ भरून घेऊन आली. पाणी नाही, पळी नाही. माझ्यापुढं पाटावर ठेवला.

मी म्हटलं, अगं, मी खरंच सोडली.

ती म्हणाली, "घ्या. मला जरा निवांत बसायचंय."

ती ओट्यावर जाऊन बसली आहे. बाहेर अजून उजेड आहे. शेजारच्या बायका आल्या, कुणीतरी शेंगा आणल्यात, कुणीतरी विचारलं, गुरुजी निजले का? जनका म्हणाली, निजतेत आता.

ग्लास समोर आहे. त्या सगळ्या गप्प बसून माझी वाट बघताहेत. घेतो.